गप्प न बसलेलं जनुक

औरंगपुऱ्यातले एक कापड व्यापारी एकदा पत्नीला घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. आजारी कोणीच नव्हतं. शेठजी खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या पोराची ती जीन टेस्ट करायची आहे. धंद्याचा जीन त्याच्यात आलाय का नाही ते एकदा कळू द्या. आला असेल तर दुकानात बसवतो, नाही तर जाऊ द्या त्याला पुण्याला शिकायला."

"असा जीन नसतो," मी म्हटलं.

"नसतो कसा? माझ्या वडिलांत होता, माझ्यात आहे. मग याच्यातच कुठं गेला?"

इतका वेळ गप्प असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "असला तरी बंद पडला असेल. तुम्ही त्याला कधी गल्ल्याजवळ उभं तरी राहू देता का?"

शेठजी गेले ते रागावूनच. धंद्याचं जनुक नसतं हे खरं, पण असलेलं जनुक बंद असू शकतं, हे बाई बरोबर बोलल्या होत्या. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी गोष्ट याच बंद-चालूभोवती घडली, म्हणून तीच सांगते. बढत्या, कमिट्या आणि निरोप समारंभ यांत वाचकांना रस असेल असं वाटत नाही. मलाही फारसा नव्हता.

शहरातल्या एका रुग्णालयात मी जनुकीय तपासण्यांचं काम केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमची प्रयोगशाळा एक्स-रे विभागाच्या बरोबर वर होती. त्यामुळं दिवसभर माणसं दारात येऊन "फोटो इथंच काढतात का?" असं विचारायची. आम्ही काय करतो ते सांगायला बसलं तर ती ऐकूनही घ्यायची, आणि शेवटी विचारायची, "मग फोटो कुठं काढतात?"

तेव्हा आधी थोडक्यात सांगते. आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आपली सगळी जनुकं असतात. डोळ्याच्या पेशीत रक्त बनवायचं जनुक असतं, कातडीच्या पेशीतही असतं. पण तिथं ती जनुकं गप्प असतात. कुठलं जनुक कुठं, कधी आणि किती चालेल, यावर शरीराचं सगळं चाललेलं असतं. जनुक चालू आहे म्हणजे काय? तर डीएनए पेशीच्या मध्यभागी आपल्या जागी राहतो, त्याची कामापुरती नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात, आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. नकला जास्त, तर जनुक जोरात चालू. नकला नाहीत, तर जनुक गप्प. करोनाच्या काळात ज्या तपासणीसाठी सगळ्यांच्या नाकात काडी घातली गेली, ती आरटीपीसीआर म्हणजे या आरएनएचीच मोजणी होती. तेव्हा ती विषाणूची होती, एवढाच फरक. त्या साथीत आमच्याकडे ही मोजणी करणारं यंत्र आलं. साथ ओसरल्यावर त्यावर प्लास्टिकचं आवरण चढलं आणि आवरणावर कॅलेंडरं ठेवायला सुरुवात झाली.

आमचं रोजचं काम डीएनएचं. त्यातलं बरंचसं थॅलेसेमियाचं. हा आजार समजायला एक गंमत माहीत हवी. पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही, त्याला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यावा लागतो. म्हणून बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जास्त ओढीचं, आणि ते बनवणारं जनुकही वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत हे बाळाचं जनुक गप्प केलं जातं आणि त्याच्या शेजारचं मोठ्यांचं जनुक कामाला लागतं. बाळाचं जनुक कुठं जात नाही. तुमच्या-माझ्यात ते आजही जसंच्या तसं आहे, पण मुकं.

थॅलेसेमियात मोठ्यांच्या जनुकात बिघाड असतो. त्याच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तर माणूस धडधाकट जगतो, त्याला पत्ताही नसतो. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरी मूल पहिले काही महिने छान खेळतं, कारण बाळाचं जनुक अजून चालू असतं. ते गप्प झालं की मूल पांढरं पडायला लागतं. मग दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं, जन्मभर. आणि त्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साचत जातं म्हणून ते काढायची औषधं वेगळीच.

बिरू असाच मुलगा होता. पाच वर्षांचा, फर्दापूरजवळच्या एका गावातला. वडील नामदेव फर्दापूरला अजिंठ्याच्या पर्यटकांसाठीच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होते. घरचा मूळ धंदा मेंढ्यांचा, तो अजून आजोबा सांभाळायचे. आई रेखा दर महिन्याला बिरूला घेऊन एसटीनं शहरात यायची. बिरूला रुग्णालयाची भीती नव्हती, कारण त्याला दुसरं फारसं काही आठवतच नव्हतं. पलंगावर स्वतः चढून बसायचा, हात पुढं करायचा आणि सिस्टरला दम द्यायचा, "मागच्या टायमाला कमी भरलं होतं. आज फुल भरा."

त्याच्यावर उपचार करत होत्या डॉक्टर शाहीन काझी. मुलांच्या रक्ताच्या आजारांच्या आमच्याकडच्या त्या एकट्याच डॉक्टर. बोलणं शहागंजच्या गल्लीतलं, अर्धं मराठी, अर्धं दखनी, आणि दोन्ही जोरात. बिरूसाठी त्यांनी एकच ध्यास घेतला होता. सख्ख्या भावंडाच्या हाडातला मगज जुळला तर तो बिरूला देता येतो, आणि मग त्याचं रक्त त्याच्या अंगातच नीट तयार व्हायला लागतं. बिरूला एक बहीण होती. काजल, अकरा वर्षांची.

काजलची जुळणी तपासली आणि ती पूर्ण जुळली. असं फार थोड्या घरांत होतं. रेखानं सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. दोन पेढे माझ्याही टेबलावर आले, कारण शेवटची एक छोटी तपासणी आमच्याकडे राहिली होती. काजलच्या एका प्रतीत बिघाड आहे का, एवढंच पाहायचं होतं. असता तरी चाललं असतं.

तपासणीत तिच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. अगदी बिरूसारख्याच.

मी पहिल्यांदा हेच धरलं, की नळ्या बदलल्या गेल्या. भावाचं रक्त बहिणीच्या नावावर लागलं असणार. काझी मॅडम तर तरातरा वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, काहीतरी गडबड झाली तुमच्याकडे. ती पोरगी मेंढ्यांच्या मागं डोंगर चढती. तिला एकदा पण रक्त नाही दिलं आपण. उसकू थॅलेसेमिया कैसा होगा?"

"मलाही तसंच वाटतंय," मी म्हटलं. "ती खालीच आहे ना? चला, मी स्वतः रक्त काढते."

काढलं. नळीवर नाव स्वतः घातलं, सगळं स्वतः लावलं. पुन्हा तेच आलं.

मग काझी मॅडमनी काजलला पलंगावर झोपवून पोट तपासलं. प्लीहा थोडी वाढलेली हाताला लागली. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होतं. ते आधीही दिसलं होतं, पण आपल्याकडे खेड्यातल्या पोरींचं हिमोग्लोबिन नऊ असलं तर कोणी दचकत नाही. पोरींना असतंच, म्हणून पुढं जातात. आम्हीही पुढं गेलो होतो.

आईवडिलांना सांगायला आम्ही दोघी बसलो. नामदेव त्या दिवशी मुद्दाम रजा काढून आले होते, ऑपरेशन कधी ते विचारायला. काझी मॅडमनी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं.

नामदेव फरशीकडं बघत म्हणाले, "म्हंजी बिरूला हिचं देता येनार नाय."

"नाही."

"आन् हिला बी तोच आजार हाय म्हनता."

"जनुकात आहे. पण अंगात तेवढा उतरलेला नाही. का उतरला नाही, ते आम्हाला..."

"मॅडम, पोरगी धडधाकट हाय," ते उठून उभे राहिले. "तुमी लोकं तिला आजारी करू राहिले. एक पोरगं दर महिन्याला इथं धाडतो, आता दुसरं बी आना म्हनता. गावात कळलं तर उद्या तिच्या दारात कोन येईन?"

त्यांनी काजलचा हात धरला आणि निघाले. रेखा मागं वळून बघत गेली. टेबलावरच्या डबीतला एक पेढा अजून तसाच होता. मला तो खाववेना आणि टाकवेना.

पुढच्या महिन्यात रेखा आणि बिरू दोघंच आले. काजलला नामदेवनी आजोबांबरोबर मेंढ्यांकडं धाडलं होतं, शाळेला सुट्टीच होती आणि तिथं कोणी तिला टोचणार नव्हतं. बिरूला रक्त लागलेलं असताना रेखा जिना चढून माझ्याकडे आली. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? काजलला शाळेतून रक्तवाढीच्या गोळ्या देतात. लाल. सगळ्या पोरींना देतात. तिचं रक्त कमी म्हनून मी दवाखान्यातून बी जादा आनल्यात. त्या चालू ठिवू ना?"

मी हातातलं काम खाली ठेवलं. त्या गोळ्या लोहाच्या. इतर मुलींना त्या औषध आहेत. पण काजलचं रक्त लोहाअभावी कमी नव्हतं. उलट या आजारात आतडं गरजेपेक्षा जास्त लोह शोषतं. ही मुलगी वर रोज लोहाच्या गोळ्या खात होती.

"आधी बंद करा," मी म्हटलं. "कुठं आहे ती?"

"दौलताबादला. आबांनी तिकडं एका वावरात मेंढ्या बसवल्यात."

मेंढ्या बसवणं म्हणजे पीक निघालेल्या रानात कळप मुक्कामाला ठेवायचा, शेताला खत मिळतं. आबांकडं फोन होता, पण ते फक्त नामदेवचाच उचलायचे. म्हणून त्याच आठवड्यात रविवारी सकाळी काझी मॅडमच्या गाडीतून आम्ही दोघी निघालो. मी बरोबर बर्फाचा डबा घेतला होता. गोळ्या बंद करायच्याच होत्या, पण मला काजलचं ताजं रक्तही हवं होतं. डीएनएनं आजार सांगितला होता. तो अंगात का उतरला नाही, ते आरएनए सांगू शकला असता.

किल्ल्याच्या मागच्या बाजूला एका वावरात आबा सापडले. उंच, वाळलेले, लाल पटका बांधलेले. कुत्रं आमच्यावर धावून आलं, त्याला त्यांनी एका शब्दात बसवलं.

"कोन तुमी?"

"दवाखान्यातून आलोत. काजलसाठी."

"नामदेवनं सांगितलंय. दवाखान्यातलं कोनी आलं तर नाय म्हना."

"म्हणा ना मग," काझी मॅडम म्हणाल्या. "पण आबा, इतक्या उन्हात आलो, पाणी तर पाजाल का नाही?"

आबांना हसू आलं. त्यांनी पाणी दिलं, मग तीन दगडांवर चहा ठेवला. तेवढ्यात काजल आली, एक लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन, पळत. काझी मॅडमचं लक्ष तिच्या श्वासाकडं होतं. माझंही. तिला जरा धाप लागली होती, पण कोकरू वजनदार होतं. ते घेऊन मी दोन पावलंही पळाले नसते.

गोळ्यांचं विचारल्यावर तिनं पिशवीतून पाकिटं काढून दाखवली. काझी मॅडमनी ती आपल्या पर्समध्ये टाकली.

"रक्त वाढायच्या गोळ्या हायत ना त्या?" आबा म्हणाले. "मग कामून बंद?"

मी त्यांना समजावून सांगितलं, की हिच्या अंगात लोह आधीच साचतंय, त्यात भर नको. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी तुमी आल्या नसत्या तर आमीच तिला खाऊ घालत राहिलो असतो."

आबांनी खिशातून फोन काढला आणि नामदेवला लावला. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, हॉटेलात नाश्त्याची वेळ असावी. नामदेव चिडलेच. त्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "आबा, तुमाला म्हनलं होतं ना! आता रक्त नेतीन, कागद करतीन, पोरीच्या नावावर आजार लागंन!"

मी आबांकडून फोन घेतला. "नामदेव, अहवाल फक्त तुमच्या हातात येईल. गावात काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण ऐका. तिच्यात काय बिघडलंय ते आम्हाला कळलंय. आता काय चांगलं आहे ते मला बघायचंय."

"चांगलं म्हंजी?"

"दोघांचा बिघाड एकच. मग बिरू पांढरा पडला आणि ही का पडली नाही? तिच्यात असं काहीतरी आहे, जे तिला सांभाळतंय. ते कळलं तर कदाचित बिरूला उपयोग होईल. होईलच असा शब्द मी देत नाही."

पलीकडं भांडी वाजत राहिली. मग नामदेव म्हणाले, "घ्या. पन आबांना म्हनावं, तिचा हात धरा."

काजलनं ते ऐकलं आणि बाही वर केली. "मला नाय भ्या वाटत," ती म्हणाली. "आबालाच वाटतं." आणि खरंच, सुई टोचताना आबांनी तोंड किल्ल्याकडं फिरवलं.

आरएनए फार नाजूक असतो. आपल्या बोटांवरचा घाम लागला तरी तो तुटतो, कारण तो तोडणारी रसायनं आपल्या कातडीवरच असतात. ताज्या रक्तातून तो लवकर वेगळा केला नाही तर हाती काहीच लागत नाही. आणि आम्ही परतताना दौलताबादच्या जुन्या दरवाजात अडकलो. रविवार, वेरूळच्या बसगाड्या, दोन्हीकडून एकाच वेळी घुसलेल्या मोटारी, हॉर्न. मांडीवरच्या डब्यातला बर्फ विरघळत होता. मी झाकण उघडून सारखी बघत होते, जणू बघितल्यानं तो टिकणार होता.

काझी मॅडमनी गाडी बंद केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि खाली उतरल्या. दरवाजाच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी हात वर केला. "ओ भाई, हौ, तुमकोच बोल रई मैं! पीछे लेव! बसवाले काका, तुम्ही नक्को, तुम्ही थांबा! अंदर खून का नमूना है!" खून शब्द ऐकून दोन-चार माणसं धावत आली, आणि त्या माणसांनी वाहतूक मोकळी केली. गाडीत बसताना मॅडम म्हणाल्या, "झूट तो नहीं बोली ना मैं?"

प्रयोगशाळेत पोचल्यावर मी त्या यंत्रावरची कॅलेंडरं आणि आवरण काढलं. नमुना टिकला होता. संध्याकाळपर्यंत उत्तर हातात होतं. काजलमध्ये बाळाचं जनुक जोरात चालू होतं. अकरा वर्षं ते गप्पच बसलं नव्हतं. मोठ्यांचं जनुक बिघडलं होतं, पण शेजारचं बाळाचं जनुक त्याचंही काम ओढत होतं, आणि त्या जोरावर ही मुलगी कोकरू घेऊन पळत होती.

पण ते गप्प का बसलं नाही? जनुकाला गप्प करणारंही एक जनुकच असतं. ते दुसऱ्याच गुणसूत्रावर राहतं. त्याचं प्रथिन येऊन बाळाच्या जनुकापाशी बसतं आणि त्याचा आवाज बंद करतं. आम्ही घरातल्या चौघांचे नमुने हैदराबादच्या एका संस्थेत पाठवले. तिथून कळलं, की हे गप्प करणारं जनुक आई आणि वडील दोघांतही एकेका प्रतीत जरा ढिलं आहे. काजलला दोघांकडूनही ढिलीच प्रत मिळाली होती. बिरूला एकच ढिली मिळाली. दुसरी कडक होती. सगळं याच एका फरकानं झालं असं आम्ही कधी म्हटलं नाही, शरीरात इतकं सरळ काही नसतं. पण मोठा वाटा त्याचा होता.

ते वाचल्यावर काझी मॅडम म्हणाल्या, "म्हणजे बिरूचा दरवाजा पूर्ण बंद नाही. जरा सा खुला है. ढकलून बघायचं का?"

ढकलायला एक जुनं औषध होतं. रक्ताच्या दुसऱ्या आजारांत वापरतात. काही थॅलेसेमियाच्या मुलांत ते बाळाचं जनुक पुन्हा जागं करतं, काहींत काहीच करत नाही. कोणात चालेल याचा थोडाफार अंदाज अशा तपासण्यांवरून येतो. हे सगळं आम्ही रेखाला समोर बसवून सांगितलं, धोक्यासकट. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, सारखं रक्त तपासावं लागेल, ताप आला तर लगेच यावं लागेल.

रेखा म्हणाली, "नाय चाललं तर?"

"तर आत्ता जे चालू आहे तेच."

"मंग देऊन बघू," ती म्हणाली.

पहिले दोन महिने काहीच झालं नाही. तिसऱ्या महिन्यात बिरूला ताप आला, पांढऱ्या पेशी खाली गेल्या, औषध थांबवावं लागलं. नामदेव वॉर्डाबाहेर उभे होते. मला पाहून त्यांनी मान फिरवली. ताप उतरला, पेशी सावरल्या, आणि काझी मॅडमनी कमी मात्रेत पुन्हा सुरुवात केली. त्या वेळी रेखानं होकार दिला, यात तिचं धाडस मोठं.

पुढं पावसाळा संपता संपता एक दिवस खालून सिस्टरचा फोन आला, "मॅडम, जरा येता का? बिरू रडू राहिला."

मी घाबरूनच खाली गेले. बिरू पलंगावर बसून हात पुढं करून हुंदके देत होता. त्याचं हिमोग्लोबिन महिना झाला तरी फारसं उतरलं नव्हतं. काझी मॅडमनी सांगितलं होतं, आज रक्त नको, दोन आठवड्यांनी बघू.

"मला कामून नाय?" तो मला विचारत होता. "त्या पोराला दिलं. मी काय केलं?"

सिस्टर हसत होत्या, डोळे पुसत होत्या. रेखा पलंगाच्या कडेला बसून होती. तिला काय वाटत होतं ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. इतकी वर्षं ती दर महिन्याला बॅग भरून येत होती. त्या दिवशी दुपारीच घरची एसटी धरायला मिळाली, तेव्हा जाताना ती दोनदा परत आली. एकदा चप्पल विसरली म्हणून आणि एकदा खरंच जाऊ ना, हे विचारायला.

मला एक खंत आहे, तीही सांगते. नोकरीची बहुतेक वर्षं आम्ही जनुकात अक्षर कुठं चुकलंय तेवढंच बघत होतो. बघायला दुसरी साधनंही नव्हती. कोणतं जनुक किती बोलतंय, कोण त्याला गप्प करतंय, हे विचारायची सोय फार उशिरा आली. ज्यांच्या नमुन्यांवर मी तरुणपणी काम केलं, त्यातली काही मुलं आज नाहीत. त्यांच्यापैकीही एखाद्याचा दरवाजा जरासा उघडा असेल. आता ते कळायचा मार्ग नाही. आज जगात तर हे गप्प करणारं जनुकच रुग्णाच्या पेशींत कापून शांत करण्याचे उपचार आले आहेत. ते आपल्या वॉर्डापर्यंत पोचायला वेळ लागेल, पण दिशा तीच आहे, आणि ती मला माझ्या डोळ्यांनी बघायला मिळाली.

बिरू पूर्ण बरा झाला असं मी लिहिणार नाही. त्याला अजून रक्त लागतं, पण वर्षातून मोजक्या वेळा. मधल्या महिन्यांत तो शाळेत असतो.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी नामदेव दोन्ही पोरांना घेऊन आले. वर्षभराच्या औषधानंतर बिरूचा आरएनए पुन्हा मोजायचा होता, आणि तुलनेसाठी काजलचाही. नामदेवनी हॉटेलातून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, गावात मीच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"काजलचं. शाळेत जाऊन मास्तरला सांगितलं, गावात गोळ्या वाटनाऱ्या आशाताईंना सांगितलं, हिला त्या लाल गोळ्या द्यायच्या नाय. मंग त्यांनी कामून म्हनून विचारलं. लपवून कसं सांगनार? आता आशाताई म्हनू राहिल्या, गावातल्या बाकीच्या पोरींचं बी एकदा तपासून घेऊ. कोन कोन येईन ते म्या बघतो."

मी डबा उघडला आणि एक धपाटं तोडून त्यांच्यापुढंही केलं. दोघांनी उभ्या-उभ्याच खाल्लं.

काजलला यंत्र बघायचं होतं. मी तिला आत नेलं. पडद्यावर रेघा चढायला लागल्या होत्या. मी तिला सांगितलं, की यंत्र पुन्हा पुन्हा नकला वाढवत जातं. ज्याच्या रक्तात मुळात नकला जास्त, त्याची रेघ लवकर वर उठते. ज्याच्यात कमी, त्याची उशिरा.

एक रेघ आधीच उठून चढाला लागली होती. "ही तू," मी म्हटलं.

"आन् ही?" तिनं खाली पार उजवीकडं उठलेल्या रेघेकडं बोट केलं.

"तो बिरू. औषधाच्या आधीचा. तेव्हाच्या मोजणीची रेघ जपून ठेवली होती, ती शेजारी लावलीय."

ती बघत राहिली. तेवढ्यात दोन रेघांच्या मध्ये तिसरी एक सपाट रेघ दिसत होती, तिनं हळूच मान उचलली. काजलच्या रेघेच्या मागं, पण जुन्या रेघेच्या कितीतरी पुढं, ती चढायला लागली.

मी काही बोलायच्या आत काजल दाराकडं धावली. "ए बिरू! इकडं ये लवकर!"

बिरू धपाटं खात आत आला. त्याच्या बोटांना चटणी लागली होती. ती बोटं मी यंत्रापासून लांब धरली आणि त्याला कडेवर उचललं. आता तो चांगलाच जड झाला होता.

"मी कोन्ता?" त्यानं विचारलं.

काजलनं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो बघ. माझ्या मागून येऊ राहिला ना, ह्यो."